न सापडलेल्या लहरींचा हिशेब

गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांचा निधी आणि निरीक्षणकाळ ठरवणाऱ्या समित्यांना खुले पत्र

समितीच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

वेधशाळा किती महिने चालवायची, सुधारणांसाठी ती कधी बंद ठेवायची, संगणनाला किती पैसा द्यायचा, कोणत्या तरुण संशोधकाची मुदत वाढवायची, हे सारे आपण ठरवता. ते ठरवताना पहिला प्रश्न विचारला जातो तो असा: आजवर काय सापडले? माझे हे पत्र ज्या शोधाबद्दल आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर अजून देता येत नाही. स्वतःभोवती फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून अखंड येत असणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा हा शोध. अमेरिकेतली लायगो, इटलीतली व्हर्गो आणि जपानमधली काग्रा या वेधशाळांच्या नोंदींत अशी एकही लहर अद्याप दिसलेली नाही. तरीही या शोधाने बरेच काही दिले आहे, आणि तो ज्या गोष्टींवर तगून आहे त्या आपल्या हातात आहेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

मी व्यवसायाने संशोधक नाही. ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ या प्रकल्पाला आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देणाऱ्या जगभरच्या स्वयंसेवकांपैकी मी एक. आमच्या यंत्रांनी चाळलेल्या माहितीचे पुढे काय होते हे समजून घ्यायचे म्हणून या विषयाच्या मागे लागलो आणि त्यातच गुंतत गेलो.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या दोन्ही वेधशाळांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती आणि त्यांचा संदेश सेकंदाच्या पाचव्या भागात येऊन गेला. त्यानंतर अशा शेकडो घटना नोंदल्या गेल्या. त्या मोठ्या आहेतच, पण प्रत्येक घटना एकदाच घडते. अखंड लहरींचे तसे नाही. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जास्त वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेला गोळा. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांनी पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत ठोके पाठवणारा न्यूट्रॉन तारा, टिपला तेव्हापासून हे तारे किती नियमितपणे फिरतात ते आपल्याला माहीत आहे. आजवर सापडलेला सर्वांत वेगवान पल्सार सेकंदाला ७१६ वेळा फिरतो. असा तारा आपल्या अक्षाभोवती अगदी सारखा असेल तर तो कितीही वेगाने फिरला तरी गुरुत्वीय लहरी सोडणार नाही. पण त्याच्या कवचावर कुठे जरासा उंचवटा असेल, तर प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे फिरण्याच्या दुप्पट वारंवारितेने, तो एकसुरी लहर सोडत राहील. आज, उद्या, पुढची लाखो वर्षे. आपल्या आकाशगंगेत असे तारे निदान काही कोटी तरी असावेत असा अंदाज आहे. त्यांतले पल्सार म्हणून आपल्या ओळखीचे झाले आहेत ते साडेतीन हजारांहून अधिक.

अडचण एवढीच की ही लहर फार क्षीण आहे. २०१५ च्या लहरीने अवकाशाला दिलेला ताण, म्हणजे लांबीत पडलेला सापेक्ष फरक, अगदी शिगेला असताना १ भागिले १० चा २१ वा घात इतका होता. ओळखीच्या पल्सारांच्या शोधात आज आपण १ भागिले १० चा २६ वा घात याच्या आसपास पोचलो आहोत, म्हणजे त्याहून लाखपट खाली. कोणत्याही एका क्षणी ती लहर यंत्राच्या गोंगाटात पूर्ण बुडालेली असते. ती वर काढायचा उपाय एकच: महिनोन्महिने नोंद घ्यायची आणि लहरीचा प्रत्येक हेलकावा बिनचूक लयीत एकावर एक रचत जायचा. हा शोध वेळ खातो तो या कारणाने, आणि आपल्या निर्णयांचा त्याच्यावर सर्वाधिक परिणाम होतो तोही याच कारणाने.

आता न सापडण्याबद्दल. वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघात एक पल्सार आहे. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी ज्या अतिनवताऱ्याची नोंद केली त्याचाच हा अवशेष. तो सेकंदाला सुमारे तीस वेळा फिरतो आणि हळूहळू मंदावतो आहे. मंदावताना तो किती ऊर्जा गमावतो हे आपल्याला ठाऊक आहे. ती कोणकोणत्या वाटांनी जाते हा प्रश्न होता. समजा सगळीच ऊर्जा गुरुत्वीय लहरींवाटे जात असती, तर लहर किती मोठी असती याचा हिशेब मांडता येतो. २००८ मध्ये लायगोच्या गटाने या मर्यादेखाली पहिल्यांदा धडक मारली आणि सांगितले की गुरुत्वीय लहरींचा वाटा काही टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. लायगो-व्हर्गोच्या तिसऱ्या निरीक्षण-सत्रानंतर हा आकडा दहा हजारांत एका भागाच्याही खाली गेला. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याच्या जमाखर्चातली एक बाब आपण पृथ्वीवर बसून, त्याच्याकडून काहीही न पोचता, जवळजवळ खोडून टाकली आहे. याला आपल्या अहवालांत ‘निष्पत्ती नाही’ म्हणायचे का, हे आपणच सांगावे.

सेकंदाला शेकडो वेळा फिरणाऱ्या पल्सारांची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अशा काही ताऱ्यांच्या विषुववृत्तावरचा उंचवटा किती असू शकतो याची मर्यादा दहा कोटींत एक भाग एवढ्यावर आली. दहा किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यावर हे म्हणजे केसाच्या जाडीइतके. शेकडो प्रकाशवर्षांवरच्या, कोणत्याही दुर्बिणीला बिंदूपलीकडे न दिसणाऱ्या ताऱ्याबद्दल आपण म्हणतो आहोत की याच्या गोलाईत एका केसाहून जास्त खोट नाही! तिसऱ्या सत्राच्या माहितीत एकूण २३६ पल्सार तपासले गेले आणि त्यांपैकी २३ ताऱ्यांसाठी मंदावण्याच्या हिशेबाने येणारी मर्यादा ओलांडून शोध खाली उतरला.

आणि खाली उतरत जाण्याला तळ असण्याची शक्यता आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिरूपांनुसार न्यूट्रॉन ताऱ्याचे कवच पोलादाहून सुमारे दहा अब्ज पट मजबूत असावे. म्हणजे उंचवटा पेलायची ताकद त्याच्यात आहे. उलट बाजूने, २०१८ मध्ये काही संशोधकांनी या वेगवान पल्सारांच्या मंदावण्याची आकडेवारी तपासून असे सुचवले की एक अब्जांश भागाएवढा किमान उंचवटा या ताऱ्यांना बहुधा असतोच. हे अनुमान आहे, सिद्ध झालेले नाही. पण ते बरोबर असेल तर आज गाठलेली मर्यादा आणि तो तळ यांच्यात दहापटीच्या आसपासचेच अंतर उरले आहे. ज्या शोधाचा शेवट कुठे असू शकतो हे इतक्या स्पष्टपणे सांगता येते, त्याला ‘अनिश्चित’ ठरवून यादीच्या तळाशी ढकलू नये.

हे झाले ओळखीच्या ताऱ्यांचे. खरी दमछाक होते ती अनोळखी ताऱ्यांच्या शोधात. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते, त्यामुळे येणाऱ्या लहरीची वारंवारिता वर्षभर वरखाली होत राहते. १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० हेलकाव्यांची, लहर दोन्ही बाजूंना साधारण एक शतांश हर्ट्झपर्यंत सरकते. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण वर्षभराची नोंद हाती असताना दोन वारंवारितांमधला हर्ट्झच्या तीन कोटींतल्या एका भागाएवढा फरकही वेगळा दिसतो. म्हणजे एकच सूर वर्षभरात लाखो कप्प्यांमध्ये विखुरला जातो, आणि तो कसा विखुरेल हे तारा आकाशात नेमका कुठे आहे यावर अवलंबून असते. ते ठाऊक नसेल तर आकाशातली प्रत्येक दिशा, प्रत्येक वारंवारिता, मंदावण्याचा प्रत्येक संभाव्य दर वेगवेगळा धरून पाहावा लागतो. तारा जोडीत असेल तर त्याच्या कक्षेचीही भर पडते. वृश्चिक राशीतला एक्स-१ हा स्रोत १९६२ पासून माहीत आहे, सूर्य सोडला तर क्ष-किरणांच्या आकाशात सतत तळपणारा सर्वांत तेजस्वी तोच. सोबत्याकडून ओढलेले द्रव्य त्याच्यावर सतत पडत असल्याने त्याच्याकडून लहरीची आशाही मोठी आहे. पण तो किती वेगाने फिरतो हेच अजून कळलेले नाही, म्हणून शेकडो हर्ट्झचा पट्टा विंचरत बसावे लागते.

अशा शोधात सलग जोडायचा काळ दुप्पट केला की काम तीस ते साठ पटींनी वाढते. जगातला कोणताही महासंगणक वर्षभराची माहिती सर्व दिशांसाठी एकसंध जोडू शकणार नाही. म्हणून माहितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा नीट जोडायचा आणि मग तुकड्यांची बेरीज करायची, अशी मधली वाट काढली आहे. यात थोडी संवेदनशीलता जाते, पण शोध आवाक्यात येतो. ती वाट काढण्यात आणि दरवेळी थोडी अरुंद, थोडी खोल करण्यात पंचवीस वर्षांची बुद्धी खर्ची पडली आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ सुरू झाले ते याच ओझ्याला खांदा द्यायला. या प्रकल्पाने अजून अखंड लहर दिली नाही. पण तेच तंत्र अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींवर लावल्यावर २०१० मध्ये स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर एक नवा रेडिओ पल्सार सापडला, आणि पुढे फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून गॅमा-किरणांचे पल्सार हाती आले. लहर शोधायला घडवलेल्या अवजाराने ताऱ्यांची भर घातली. मूल्यमापनात हे कोणाच्या खात्यावर मांडले जाते?

यापुढचे जरा तपशिलाने लिहितो, कारण प्रस्तावांत सर्वांत आधी कात्री लागण्याची भीती याच कामाला असते. अखंड लहर म्हणजे एकसुरी सूर, आणि वेधशाळा एकसुरी आवाजांनी भरलेली असते. अमेरिकेतल्या विजेचे ६० हर्ट्झ, युरोपातल्या विजेचे ५० हर्ट्झ, त्यांच्या पटीतले सूर, आरसे ज्या काचतंतूंवर टांगलेले आहेत त्यांचे ५०० हर्ट्झच्या आसपासचे झंकार. क्रॅब पल्सारची अपेक्षित लहर विजेच्या ६० हर्ट्झपासून एक हर्ट्झही दूर नाही. तारा मंदावतो आहे म्हणून ती दरवर्षी सुमारे दोन शतांश हर्ट्झने त्या गोंगाटापासून दूर सरकते, एवढाच काय तो दिलासा. लायगोच्या पहिल्या निरीक्षण-सत्रात तर ठरावीक अंतरावर उभ्या असलेल्या रेषांची एक रांगच दिसू लागली: अर्धा हर्ट्झ, दीड, अडीच, साडेतीन, अशी वर चढत जाणारी. माग काढता काढता ती वेळ-यंत्रणेतल्या एका लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यापाशी पोचली. तो एक सेकंद पेटे, पुढचा सेकंद विझे. त्या इवल्याशा दिव्याची विजेची ओढ चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या नोंदीत उमटत होती. शेवटी त्या उपकरणाचा फर्मवेअर, म्हणजे आतली आज्ञावली, बदलून लुकलुक थांबवावी लागली.

हे काम कोण करते? आरशांमध्ये मुद्दाम खोट्या पल्सारांची अतिसूक्ष्म थरथर सोडून शोधाची पद्धत ती पकडते का हे कोण तपासते? चिकाटीने रोजच्या नोंदी बघणारी माणसे. त्यांच्या नावावर ठळक बातमी येत नाही. पण ही माणसे कमी केलीत तर उरलेला शोध कितीही मोठ्या संगणकावर चालवा, हाती दिवेच लागतील. वेधशाळेच्या कायम खर्चात या कामासाठी स्वतंत्र, सुरक्षित तरतूद असावी, ही माझी पहिली मागणी आहे.

दुसरी, किमान दोन वेधशाळा एकाच वेळी चालू ठेवण्याची. अमेरिकेच्या २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात लायगोच्या दोनपैकी एकच वेधशाळा चालवण्याची सूचना होती. कृष्णविवरांच्या विलयासाठी ती किती घातक ठरेल यावर बरेच बोलले गेले. अखंड लहरींच्या बाबतीत एखाद्याला वाटेल की इथे एकही वेधशाळा पुरते: वर्षभर पृथ्वीच फिरते, आणि सूर डॉप्लरच्या, म्हणजे पृथ्वीच्या गतीने होणाऱ्या वरखालीच्या, हिशेबाने बरोबर डुलला तर तो आकाशातला, स्थिर राहिला तर जमिनीवरचा. हे खरे आहे, आणि ताऱ्याची दिशाही एकाच यंत्राने काही आर्कसेकंदांपर्यंत सांगता येऊ शकते. २०१५ च्या पहिल्या लहरीसाठी दोन यंत्रांनाही सुमारे ६०० चौरस अंशांहून नेमके सांगता आले नव्हते. पण लहर असू शकतील अशा क्षीण उमेदवारांच्या गर्दीत खरा कोण हे ठरवताना पहिली चाळणी लागते ती हीच की दुसऱ्या, हजारो किलोमीटर दूरच्या यंत्रात तोच सूर योग्य त्या प्रमाणात दिसतो का. दिवा एका वेधशाळेत लुकलुकतो, तारा सर्वांसाठी सारखा असतो. ही चाळणी काढून घेतली की प्रत्येक रेषेमागे धावण्यात मनुष्यबळ संपते.

निरीक्षणकाळाबद्दल मी एकांगी बोलणार नाही. एकसंध शोधात दुप्पट काळ निरीक्षण केले तर संवेदनशीलता जेमतेम दीडपटीपर्यंत जाते; यंत्रच दुप्पट संवेदनशील केले तर तेवढा लाभ मिळवायला जुन्या यंत्राला चौपट काळ चालावे लागले असते. म्हणून सुधारणांसाठी वेधशाळा बंद ठेवण्याला माझा विरोध नाही, उलट पाठिंबाच आहे. माझे म्हणणे सुधारणा झाल्यानंतरच्या काळाबद्दल आहे. मे २०२३ मध्ये सुरू झालेले चौथे सत्र मधल्या खंडांसह नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालले. अशा लांब सत्रांतच या शोधाचा जीव आहे. यंत्र नव्या पातळीवर स्थिरावले की त्याला त्या पातळीवर वर्ष-दीड वर्ष तरी चालू द्यावे. विलयांची संख्या भरली म्हणून सत्र लवकर आटोपते घेऊ नये.

रेडिओ दुर्बिणींचा खर्च पाहणाऱ्या समित्याही हे पत्र वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. ओळखीच्या पल्सारचा शोध चालतो तो त्याच्या ठोक्यांच्या अचूक नोंदीवर. इंग्लंडमधल्या ‘जॉड्रेल बँक’ या रेडिओ वेधशाळेने क्रॅब पल्सारची नोंद कित्येक दशके सांभाळली आहे, म्हणून २००८ चा तो निकाल शक्य झाला. काही पल्सार, विशेषतः तरुण, मधेच अचानक झटका खाऊन वेग घेतात. वेला पल्सार त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या क्षणाची नोंद नसेल तर लहरींची लय त्या जागी तुटते आणि आधीची व नंतरची माहिती एकत्र रचता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये अरेसिबोची दुर्बीण कोसळली. उरलेल्या दुर्बिणींवर पल्सारांच्या कंटाळवाण्या, नियमित नोंदींना वेळ मिळत राहावा.

या सगळ्यातून एक जरी लहर सापडली, तर काय मिळेल? लहरीची वारंवारिता ताऱ्याच्या फिरण्याच्या नेमकी दुप्पट निघाली तर उंचवटा; सुमारे चार तृतीयांश पट निघाली तर ताऱ्याच्या आतल्या द्रवात उठणारे हेलकावे. म्हणजे पृथ्वीवरच्या कोणत्याही प्रयोगशाळेत न बनवता येणाऱ्या घनतेचे द्रव्य कसे वागते याचे थेट उत्तर. आणि हा तारा दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल. ज्याला शंका असेल त्याने पुढच्या वर्षी पुन्हा मोजावे, अधिक चांगल्या यंत्राने मोजावे. विलयांच्या बाबतीत ही सोय कधीच मिळत नाही.

तरुण संशोधकांसाठीही दोन शब्द. या क्षेत्रात प्रबंध लिहिणारी मुले-मुली आपल्या पदवीच्या शेवटी एक मर्यादा देतात: इतक्या वारंवारितेपर्यंत, इतक्या अंतरापर्यंत, याहून मोठा उंचवटा असलेला तारा नाही. नोकरीच्या आणि निधीच्या निवडीत विलय शोधणाऱ्यांशी त्यांची तुलना होते, आणि ती ‘शोध लावला का’ या एकाच मापाने केली तर अन्याय होतो. त्यांचे माप वेगळे हवे: मर्यादा किती खाली नेली, किती नवा प्रदेश तपासला, तेवढ्याच संगणनात किती अधिक खोल गेले, पद्धत खोट्या पल्सारांवर किती खरी उतरली. हे चारही प्रश्न आकड्यांत उत्तर देता येणारे आहेत. येत्या मूल्यमापनाच्या फेरीपासून ते आपल्या नमुन्यात घालावेत, ही माझी तिसरी मागणी.

चौथी आणि शेवटची मागणी जुन्या माहितीची. विलयाची नोंद एकदा नीट तपासली की तिच्यातला बराचसा अर्थ निघालेला असतो. अखंड लहर मात्र २०१५ च्या नोंदीतही असेल, २०१९ च्याही आणि कालच्याही. उद्या एखादा उमेदवार सापडला तर त्याची पहिली परीक्षा याच जुन्या नोंदींवर होईल. पण त्यासाठी नुसत्या फायली टिकवून भागत नाही. यंत्राची अंशांकने, कोणत्या दिवशी कोणती रेषा कशामुळे आली याच्या याद्या, कोणते उपकरण कधी बदलले याच्या दैनंदिन टिपा, हे सारे त्या फायलींसोबत वाचता येईल अशा रूपात राहायला हवे आणि ते सांभाळणाऱ्या माणसांचा पगार चालू राहायला हवा. पुढच्या सत्राचा निधी मंजूर करताना मागच्या सर्व सत्रांच्या या जतनाची तरतूद त्याच ठरावात करावी.

कळावे.

आपला,
‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’चा एक स्वयंसेवक